‘बोंजूर’ म्हणालीस का?

पॅरिसमधला माझा दुसरा दिवस. दुपारचे साडेतीन वाजलेले. सकाळपासून चालून पायांचे तुकडे पडले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. समोर दिसलेल्या एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये शिरले आणि थेट इंग्रजीत विचारलं, ‘‘एक टेबल मिळेल का? व्हेज काय आहे?’’

वेटरनं माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थांबला आणि सावकाश म्हणाला, ‘‘बोंजूर.’’

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी तोच प्रश्न जरा मोठ्यानं विचारला. त्यानं पुन्हा ‘‘बोंजूर’’ म्हटलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि दोन शब्दांत विषय संपवला, ‘‘किचन क्लोज्ड.’’ आत दोन-तीन टेबलांवर माणसं बसलेली मला दिसत होती. त्यांना जागा आहे आणि मला नाही?

बाहेर आले, सेन नदीच्या काठी एका बाकावर बसले आणि बॅगेतली भाकरवडी खाल्ली. डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोलू? माझ्या रंगामुळे हाकललं का? पाठीवरच्या सॅकमुळे? की माझ्याकडे बघूनच कळलं, की ही काही फार पैसे खर्च करणाऱ्यातली नाही?

तो अंदाज मात्र बरोबर होता. गेल्या वर्षी, मे २०२५मध्ये, डिग्रीची शेवटची परीक्षा संपवून मी दहा दिवसांसाठी पॅरिसला गेले. मावसबहीण तिथे मास्टर्स करतेय, त्यामुळे राहण्याचा खर्च नव्हता. विमानाचं तिकीट आई-बाबांनी काढून दिलं. वरखर्चाचे ४०० युरो माझे स्वतःचे, दोन वर्षं शिकवण्या घेऊन आणि व्हिडिओंचे सबटायटल्स टाइप करून साठवलेले. म्हणजे दिवसाला ४० युरो. तेव्हा युरो साधारण ९५ रुपयांना होता, आता तर त्यानं शंभरी ओलांडलीय. एवढे पैसे मोजून कुणी असं वागवणार असेल, तर काय उपयोग?

नऊ चौरस मीटरची शाळा

रात्री ताईच्या खोलीवर पोहोचले. सहावा मजला, लिफ्ट नाही. खोली जेमतेम नऊ चौरस मीटर. फ्रान्समध्ये याहून लहान खोली कायद्यानं भाड्यानं देता येत नाही, म्हणजे ताई अगदी कायद्याच्या काठावर राहते! माझं रडगाणं तिनं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

‘‘आत गेल्यावर बोंजूर म्हणालीस का?’’

‘‘मी कस्टमर आहे ना? त्यानं म्हणायचं.’’

‘‘त्यानं म्हटलं की, दोनदा. इथे दुकानात शिरणं म्हणजे कुणाच्या घरात शिरणं. तू आधी पाहुणी, मग कस्टमर. आपल्याकडे कुणी चपला घालून थेट स्वयंपाकघरात आलं आणि म्हणालं, ‘जेवायला काय आहे?’ तर मावशी काय करेल?’’

मावशी म्हणजे माझी आई. ती काय करेल, हे मला नीट माहीत होतं.

किचन बंद असल्याचंही त्यानं खरंच सांगितलं होतं. इथल्या बहुतेक रेस्टॉरंटमध्ये दुपारचं जेवण बारा ते दोन आणि रात्रीचं सात-साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकी आणि वेटर स्वतः जेवतात, विश्रांती घेतात, रात्रीची तयारी करतात. आत बसलेली माणसं कॉफी पीत होती. ‘सर्व्हिस काँतिन्यू’ अशी पाटी असेल, तर मधल्या वेळेतही जेवण मिळतं. मला ना पाटी वाचता आली होती, ना घड्याळ.

फुकटच्या रात्री मी खोलीत

मी पॅरिसला उतरले तो दिवस होता १ मे. आपला महाराष्ट्र दिन, त्यांचा कामगार दिन. त्या दिवशी लूव्र बंद, ऑर्से बंद, दुकानंही बहुतेक बंद. रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर लोक पांढऱ्या घंटांसारख्या छोट्या फुलांच्या काड्या विकत उभे होते. १ मेला ही फुलं शुभ म्हणून एकमेकांना देतात. ताईनं मला एक काडी दिली, मी तिला पुरणपोळ्यांचा डबा दिला आणि दिवस संपला.

दुसरा दिवस, म्हणजे वर सांगितलेला रडका शुक्रवार, महिन्यातला पहिला शुक्रवार होता. जुलै आणि ऑगस्ट सोडले, तर त्या दिवशी संध्याकाळी सहानंतर लूव्र म्युझियम सगळ्यांसाठी मोफत असतं. हे मला कधी कळलं? शनिवारी, लूव्रच्याच रांगेत, हातात २२ युरोंचं तिकीट धरून उभी असताना. ताईला कसं माहीत नव्हतं? तिला कधी तिकीटच काढावं लागत नाही. युरोपात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्या मुलांना तिथे मोफत प्रवेश असतो आणि तिच्याकडे विद्यार्थी व्हिसा आहे. आम्ही दोघी एकाच आजीच्या नाती, एकाच रांगेत उभ्या. ती फुकट, मी दोन हजारांच्या वर.

आता तर हा फरक आणखी वाढलाय. जानेवारी २०२६पासून युरोपबाहेरून येणाऱ्या पर्यटकांसाठी लूव्रचं तिकीट ३२ युरो झालंय, म्हणजे तीन हजारांहून जास्त. ही बातमी वाचून मी ताईला तावातावानं मेसेज केला. तिचं उत्तर आलं, ‘अजिंठ्याला फॉरेनरला किती पडतात?’ मी शोधलं. आपल्याला ४०, त्यांना ६००. पंधरा पट. घारापुरीलाही तेच. इतकी वर्षं त्या तिकीट खिडक्यांसमोर उभी राहिले, बोर्ड वाचला आणि मला कधीच काही खटकलं नव्हतं. लूव्रच्या दराबद्दलचा माझा राग अजून पूर्ण गेलेला नाही, पण आता तो अजिंठ्याच्या बोर्डवरही निघतो.

मोनालिसाच्या पाठीमागे

तर लूव्र. १७९३ साली राजवाड्याचं सार्वजनिक म्युझियम झालं. अंगणातला प्रसिद्ध काचेचा पिरॅमिड मात्र अगदी अलीकडचा, १९८९चा. आत शिरल्यावर सगळे जिकडे धावतात, तिकडे मीही धावले. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटीमीटर आहे, म्हणजे आपल्या घरातल्या मध्यम टीव्हीपेक्षाही लहान. तिच्यापुढे शेकडो मोबाइल वर धरलेले. मीही हात वर केला आणि रील काढली. घरी येऊन पाहिलं, तर त्यात पुढच्या माणसाचं डोकं आणि त्याच्या मोबाइलमधली मोनालिसा!

गर्दीनं ढकलत मला बाहेर काढलं, तेव्हा मी चुकून मागे वळले. समोरच्या भिंतीवर एक प्रचंड चित्र होतं. व्हेरोनेझेचं ‘काना इथलं लग्न’, जवळपास दहा मीटर रुंद. लूव्रमधलं हे सर्वांत मोठं चित्र. शंभराहून जास्त माणसं, कुत्री, वादक, वाढपी, पंगतीचा गोंधळ. १७९७मध्ये नेपोलियनच्या सैन्यानं व्हेनिसमधून उचलून आणलं ते इथेच राहिलं. खोलीतल्या जवळपास सगळ्यांची त्याच्याकडे पाठ होती. मी त्याच्यासमोर वीस मिनिटं आरामात उभी राहिले.

मग माझ्या लिस्टमधली पुढची सात नावं खोडली आणि गर्दी नसलेल्या दालनांकडे वळले. रिशल्यू विंगमध्ये हम्मुराबीचा कायदा कोरलेला काळा दगड आहे. सव्वादोन मीटर उंच, जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला तोच तो हम्मुराबी. त्याच्यासमोर मी धरून चार माणसं होती.

रविवारी ऑर्से. महिन्याचा पहिला रविवार असल्यामुळे तिथे सगळ्यांना प्रवेश मोफत होता. फक्त स्लॉट आधी ऑनलाइन घ्यावा लागतो आणि तो ताईनं वेळेत घेऊन ठेवला होता. हे म्युझियम म्हणजे एक जुनं रेल्वे स्टेशन. १९००च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, पुढे गाड्या लांब झाल्या आणि प्लॅटफॉर्म आखूड पडू लागले. १९८६मध्ये तिथे म्युझियम सुरू झालं. स्टेशनचं भलंमोठं घड्याळ अजून आहे. व्हॅन गॉगचं ऱ्होन नदीवरच्या चांदण्या रात्रीचं चित्र इथे आहे. मोने, रन्वार, देगा हे सगळे इम्प्रेशनिस्ट वरच्या मजल्यावर भेटतात. पण ज्या चित्रावरून ‘इम्प्रेशनिझम’ हे नाव पडलं, ते मोनेचं सूर्योदयाचं चित्र इथे शोधू नका. ते मार्मोताँ मोने नावाच्या वेगळ्या म्युझियममध्ये आहे. मी अर्धा तास घालवला शोधण्यात!

जेवणाचं व्याकरण

सोमवारी मी पहिल्यांदा एकटीनं परीक्षा दिली. कोपऱ्यावरची बेकरी. आत शिरले आणि म्हटलं, ‘‘बोंजूर मादाम. ऊन त्रादिस्यों, सिल वू प्ले.’’ बाई हसल्या, माझा उच्चार दुरुस्त केला, मी पुन्हा म्हटलं आणि दीड युरोच्या आसपास एक लांबलचक, अजून गरम असलेला पाव माझ्या हातात आला. ‘त्रादिस्यों’ म्हणजे पारंपरिक बगेत. १९९३च्या फ्रेंच नियमानुसार तो दुकानातच बनवावा लागतो, फ्रोजन चालत नाही आणि त्यात बाहेरची रसायनंही घालता येत नाहीत. पॅरिसमध्ये दरवर्षी उत्तम बगेतची स्पर्धा होते आणि जिंकणारा बेकर वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे राजवाड्याला पाव पुरवतो. २०२२मध्ये युनेस्कोनं बगेतच्या कलेला वारसा म्हणून मान्यता दिली. पाव घेऊन बाहेर पडताना त्याचं टोक मोडून खायचं, हा मात्र कुठेही न लिहिलेला नियम. सगळे पाळतात, मीही पाळला.

मग एकेक शब्द उलगडत गेला. फ्रेंचमध्ये ‘मेन्यू’ म्हणजे मेन्यू कार्ड नाही. ठरलेल्या किमतीतलं दोन-तीन पदार्थांचं जेवण म्हणजे मेन्यू. आपलं मेन्यू कार्ड म्हणजे ‘कार्त’. ‘आँत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. दुपारी बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलेला ‘फॉर्म्युल’ किंवा ‘प्ला द्यु जूर’ बघायचा, तो रात्रीच्या जेवणापेक्षा बराच स्वस्त पडतो. बाटलीबंद पाणी मागवू नका. ‘काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी जगमधून फुकट मिळतं, तो तुमचा हक्कच आहे. बिलात सर्व्हिस आधीच धरलेली असते, टिप दिलीच पाहिजे असं नाही. आणि कॉफी काउंटरवर उभ्यानं प्यायलात, तर टेबलापेक्षा कमी पैसे पडतात.

माझ्यासारख्या अंडं चालतं पण मांस नको म्हणणाऱ्यांसाठी पॅरिस सोपं नाही. अनियन सूप निरागस वाटतं, पण त्यात बहुतेकदा बीफचा स्टॉक असतो. मला वाचवलं मोंपार्नासनं. ब्रिटनीहून येणाऱ्या गाड्या या स्टेशनवर थांबतात, म्हणून तिथून आलेल्या लोकांनी याच भागात क्रेपची दुकानं थाटली. तिथे ‘गालेत’ मिळते. कुट्टूच्या पिठाचं काळपट, कडेनं कुरकुरीत धिरडंच म्हणा ना. त्यात अंडं, चीज आणि हॅम असतं. ‘सां जाँबों’, म्हणजे हॅमशिवाय, एवढं सांगितलं की काम झालं. पहिला घास घेतला आणि आजीच्या घावनांची आठवण आली.

जुनं आणि खिशाला परवडणारं फ्रेंच जेवण चाखायचं असेल, तर ‘बुइयाँ’ शोधा. बुइयाँ म्हणजे कढणासारखं सूप. मुळात ‘रेस्टॉरंट’ हा शब्दही अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये अशाच एका ताकद भरून काढणाऱ्या सूपासाठी वापरला जायचा, जागेला ते नाव नंतर मिळालं. १८५०च्या दशकात द्युव्हाल नावाच्या खाटकानं बाजारातल्या कामगारांसाठी स्वस्त सूप आणि मांस विकायला सुरुवात केली. त्यातून बुइयाँ आले. १८९६ साली सुरू झालेलं ‘बुइयाँ शार्तिये’ अजून जोरात चालतं. रांग लावायची, अनोळखी लोकांबरोबर एका टेबलावर बसायचं आणि वेटर तुमचं बिल टेबलावर पसरलेल्या कागदावरच पेननं लिहितो. लाकडी टेबलं, आरसे, गलका. मला थेट दादरच्या एखाद्या जुन्या उपाहारगृहात बसल्यासारखं वाटलं.

सातव्या दिवशी डोसा खावासा वाटला, तेव्हा ताईनं ला शापेलला नेलं. गार द्यु नॉर स्टेशनजवळचा हा भाग श्रीलंकन तमिळ लोकांचा. पाट्या तमिळ, वास कढीपत्त्याचा. उन्हाळा संपता संपता इथे गणपतीचा रथ निघतो, रस्त्यावर नारळांचे ढीग फुटतात. पुढच्या वेळी तेव्हाच यायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पुन्हा तेच रेस्टॉरंट

आठव्या दिवशी हिंमत केली. तेच रेस्टॉरंट, दुपारी साडेबारा वाजता. ‘‘बोंजूर मस्यू. एका माणसासाठी. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं.’’ फ्रेंचमधली ही चार वाक्यं मी मेट्रोत पाठ केली होती. वेटर तोच. ‘‘बोंजूर मादमुआझेल,’’ म्हणाला, खिडकीजवळचं टेबल दिलं, ऑम्लेट आणि सॅलड सुचवलं, पाणी आणलं. मी दीड तास बसले. कुणी बिल आणून आपटलं नाही, कुणी ‘और कुछ?’ विचारलं नाही. इथे मागितल्याशिवाय बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. त्यानं मला ओळखलं नाही. ओळखायचं काही कारणही नव्हतं. माझा अख्खा एक दिवस त्याच्यामुळे रडण्यात गेला होता आणि त्याच्यासाठी तो एक साधा शुक्रवार होता.

प्रत्येक वेळी बोंजूर पुरतंच असं मात्र नाही. एका दुकानात मी नीट बोंजूर म्हणून शिरले, तरी सिक्युरिटीवाला सगळा वेळ फक्त माझ्या मागे फिरत होता. त्याचं स्पष्टीकरण ताईकडेही नव्हतं. ‘‘हे इथे होतं. पण दोन्ही गोष्टी एकच समजू नकोस,’’ एवढंच ती म्हणाली. त्या वाक्यानं मला बराच धीर दिला. कुठला अपमान खरा आणि कुठला आपल्याला रीत माहीत नसल्यामुळे झालेला, हे ओळखता आलं की परक्या शहरात जरा ताठ मानेनं चालता येतं.

लिस्टमध्ये नसलेली पाटी

शेवटच्या दिवशी खिशात अकरा युरो होते. नोत्र दामला जाऊन आले. २०१९च्या आगीनंतर पाच वर्षांनी, डिसेंबर २०२४मध्ये ते पुन्हा उघडलं. प्रवेश मोफत आहे. आत दगड इतका स्वच्छ उजळलाय, की आठशे वर्षांहून जुनी वास्तू कालच बांधल्यासारखी दिसते. मग पायीच ऑपेराकडे गेले आणि बुलवार दे कापुसिन या रस्त्यावर वळले.

या रस्त्यावर ३५ नंबरला नादार या फोटोग्राफरचा स्टुडिओ होता. १८७४मध्ये मोने आणि मित्रांनी पहिलं प्रदर्शन तिथे भरवलं आणि टीकाकारांनी त्यांची टर उडवली. ऑर्सेमध्ये ज्यांच्यासमोर मी गर्दीत उभी होते, तीच ही मंडळी. थोडं पुढे १४ नंबर. तिथे तेव्हा ग्राँ कॅफे होता. २८ डिसेंबर १८९५ला त्याच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून सिनेमा दाखवला. तिकीट एक फ्रँक, पहिल्या खेळाला पैसे देऊन आलेले प्रेक्षक ३३. त्या तळघरातल्या हॉलचं नाव होतं ‘सालों अँदियाँ’, म्हणजे ‘इंडियन सलून’. आज तिथे हॉटेल आहे आणि भिंतीवर एक पाटी. रांग नाही, तिकीट नाही, सेल्फी काढणारं कुणी नाही. माणसं पाटीला खांदा घासून पुढे जात होती.

मास मीडियाच्या पहिल्या वर्षाला ही तारीख मी पाठ केली होती. पेपरात लिहून दोन मार्कही मिळवले होते. त्याच प्रश्नाचा दुसरा भाग होता, ‘भारतात सिनेमा कधी आला?’ ७ जुलै १८९६, मुंबई, वॉटसन हॉटेल. ल्युमिएरच्याच फिल्म्स, तिकीट एक रुपया. इथल्या तळघरापासून तिथपर्यंत जेमतेम सहा महिने.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात काळा घोड्याला गेले. वॉटसन हॉटेल म्हणजे आजची एस्प्लनेड मॅन्शन, लोखंडी सांगाड्याची जीर्ण इमारत. तीन वर्षं मी तिच्यासमोरून कॉलेजला जात होते. एकदाही थांबले नव्हते.

जाणार असाल तर

* लूव्र आणि ओरांजरी मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी बंद. १ मे ही तारीख टाळा.
* कार्नाव्हाले, पती पाले आणि व्हिक्टर ह्यूगोचं घर ही पॅरिस महापालिकेची म्युझियम्स. त्यांचे कायमस्वरूपी संग्रह वर्षभर मोफत.
* ओरांजरीमध्ये दोन अंडाकृती दालनांत मोनेची कमळांची आठ भव्य चित्रं आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी इथेही प्रवेश मोफत, स्लॉट आधी घ्या.
* मेट्रोचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असाच चालतो. गुरुवारी घेतलात, तर तीन दिवस वाया.
* अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला आयफेल टॉवर पाच मिनिटं लखलखतो. पुलावरून बघा, फुकट.
* मोनमार्त्रच्या पायऱ्यांवर कुणी हाताला दोरा बांधायला आलं, तर हात खिशात. मोबाइलही तिथेच.
* आणि कुठेही शिरताना आधी काय म्हणायचं, ते आता सांगायला नको.